तीन ठोके

दाजी मेस्त्रींवर लिहू नको, असं मला आमच्या युनियनच्या कमिटीने बजावलं आहे. ‘गेलेल्या माणसावर लिही. त्याच्या बायकोवर लिही. त्या कानसवाल्यावर शाई कशाला घालवतोस?’ शंकर पालववर मी लिहिलं. पत्रकं लिहिली, फलक रंगवले, गेटवर घसा फोडला. ते सोपं होतं. शंकर सरळ माणूस होता आणि त्याला मारणारा सरळ बदमाश होता. दाजींचं तसं नाही. दाजी आमच्या चाळीतले. त्यांच्या घरातल्या फोडणीने आमच्या घरात ठसका लागायचा. अशा माणसावर पत्रक निघत नाही. म्हणून हे लिहितो, आणि कमिटीने खुशाल जाब विचारावा.

घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ. चाळीच्या टोकाला पत्र्याची एक शेड, आणि शेडवर फोर्टातल्या एका बंदुकांच्या दुकानाची पाटी. दाजी त्या दुकानाचे कारागीर. पूर्वी दुकान एका गोऱ्या साहेबाचं होतं. साहेब विलायतेला गेला तेव्हा एका शेठने ते घेतलं. साहेबाच्या नावाची पाटी उतरली, शेठच्या नावाची चढली. खाली बसून कानस मारणारा माणूस तोच राहिला. आमच्या चाळीत कुणाकडे धड धारेची विळी नव्हती, पण त्या शेडपुढे मोटारी येऊन थांबत. शिकारीच्या रायफली, पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर. ज्यांच्याकडे राखण्यासारखं काही होतं, त्यांची हत्यारं आमच्यासारख्यांच्या दारात दुरुस्त होत होती. याच्यावर मी एकदा दाजींना भाषण ऐकवलं. ते म्हणाले, “बोलून झाला? आता उजेडातसून बाजूक हो.”

चाप हे दाजींचं खास काम. चाप म्हणजे बोटाने ओढायची ती बंदुकीची वाकडी जीभ. ती ओढली की मागे ताणून ठेवलेला घोडा पडतो आणि गोळी सुटते. कंपनीतून आलेला चाप बहुधा जड असतो, खरखरत ओढला जातो. मग नेम हलतो. दाजी तो इतका हलका आणि गुळगुळीत करून देत की गिऱ्हाईक खूश होऊन स्वतःच्याच बोटाकडे बघत राही. पण हलकं करणं ही अर्धी कारागिरी, असं दाजी म्हणत. हलका तर झाला पाहिजे, पण धक्क्याने, हिसक्याने, पडण्याने घोडा सुटता कामा नये. “बोटाशिवाय पडता नये.” हे वाक्य ते देवापुढे म्हणावं तसं म्हणत.

आणि ते नुसतं म्हणत नसत. हत्यार परत देताना गिऱ्हाइकासमोर, ते रिकामं असल्याची खात्री करून, दाजी घोडा मागे ताणत आणि लाकडी मोगरीने मुठीवर तीन ठोके मारत. ठक. ठक. ठक. घोडा जागचा हलत नसे. मग गिऱ्हाइकाच्या हातात देऊन, “आता दाबा.” फुंकर मारल्यासारखा घोडा पडे. तीन ठोक्यांशिवाय दाजींनी कधीच हत्यार दिलं नाही. एक संस्थानिक गाडीतून उतरायलाच तयार नव्हते, नोकराकडे देऊन टाका म्हणाले. दाजींनी रायफल परत आत नेली. संस्थानिकाला त्या उन्हात, त्या गटाराच्या कडेला यावं लागलं आणि ठोके बघावे लागले. अख्खी चाळ गॅलरीत जमली होती. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस आपलाच आहे. बिल्ला लावला नाही, एवढंच.

दाजी दिसायला बारके, पण मिशी अशी की दोन माणसांना पुरावी. साहेबाने टाकून दिलेला वेस्टकोट उन्हाळ्यातही अंगात. एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग. ते लावूनच ते माणसाशी बोलत, म्हणजे समोरच्याला आपण एखादा बिघडलेला भाग आहोत असं वाटे. विनय नावाची गोष्ट त्यांच्यात औषधालाही नव्हती. “मुंबईत चाप कळणारी माणसा दोन. एक विलायतेक गेलो.” हे सांगताना ते हसतसुद्धा नसत.

उजव्या हाताची तर्जनी हे त्यांचं दैवत. बाहेर पडताना त्या बोटाला ते मलमलीची पट्टी गुंडाळत. कातडी मऊ राहिली पाहिजे, चापाचा बारीक खरखरीतपणा बोटाला कळला पाहिजे. बाजारात बांगड्याचे कल्ले ते डाव्या हाताने उचलून बघत. कोळीण दर वेळी विचारी, “काय रे मेस्त्री, बोट मोडलं?”

“मोडू नये म्हणून बांधलंय.”

“मग जीभ पण बांध. भाव पाडून पाडून मोडायची एखाद दिवशी.”

नळावरचं पाणी, दळण, रॉकेलचा डबा, सगळं यशोदाकाकी आणत. काकी म्हणजे दाजींची बायको. मूल नव्हतं, दोघंच. मी एकदा चिडून विचारलं, “दाजी, बाईमाणसाला बोटं नसतात का?”

“असतात. पण तिच्या बोटावर कोणाचो जीव नसता.”

आतून काकींचा आवाज आला, “तुमचो जीव कोणाच्या हातच्या पेजेर आसा, ता सांगा त्याका.”

दाजींनी कानस उचलली. त्यांना गप्प करणारं माणूस जगात ते एकच.

मला लिहायला कुणी शिकवलं असेल तर याच माणसाने, आणि हे कबूल करताना माझ्या तोंडाला कडू येतं. माझं पहिलं छापील पत्रक मी मोठ्या ऐटीत शेडमध्ये नेलं. दाजींनी भिंग लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं. “ओढतंय, ओढतंय, ओढतंय,” ते म्हणाले, “काय सुटना. मेल्या, तुजो चाप जड आसा. अर्धा पान भांडवलशाही, अर्धा पान इतिहास. कामगारांका होया काय?”

“हातमोजे.”

“मग पयल्या ओळीत हातमोजे लिही!”

मी लिहिलं. ‘भट्टीवर हातमोजे द्या.’ ते पत्रक कामगारांनी खिशात जपून ठेवलं.

त्यांच्या कामाच्या वेडाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अंधेरीच्या एका स्टुडिओतून माणूस आला. सिनेमातल्या नायकासाठी लाकडी पिस्तूल केलं होतं, त्याला खरा वाटेल असा चाप पाहिजे होता. दाजींनी त्या लाकडाच्या ठोकळ्याला खऱ्या पोलादाचा चाप घडवला. दिवसचे दिवस घासत बसले. स्टुडिओवाला वैतागला, “अहो मेस्त्री, पडद्यावर कुणाला दिसणार आहे?”

“माका दिसता.”

चित्रीकरण बघायला दाजींनी शंकरला आणि मला बरोबर नेलं. हिरो आला, पिस्तूल उगारलं, डायलॉग मारला आणि चापाला बोट न लावता पिस्तूल फेकून देऊन व्हिलनच्या नरडीला भिडला. टाळ्या झाल्या. दाजी उठले. स्टेशनच्या वाटेला लागले. मग एकदम म्हणाले, “ह्येका चाप कित्याक होयो होतो? चमचो दिलो असतो तरी चाललो असतो.” शंकर रस्त्यात बसून हसला. हसता हसता त्याने दाजींच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, “दाजीनू, तुमच्यासारखे तुमीच.”

हा शंकर पालव आमच्याच चाळीतला, दाजींच्या गावाकडचा. कंदिलाच्या काचा बनवणाऱ्या एका कारखान्यात भट्टीवर होता. दाजींना तो काचेचे जाड सपाट तुकडे आणून देई. त्या तुकड्यावर कुरुंदाच्या दगडाची पूड आणि तेल घालून दाजी चापाचे भाग घासत. दगडाला खळगे पडतात, काच सपाट ती सपाटच. म्हणजे दाजींची सगळी गुळगुळीत कीर्ती शंकरच्या काचेवर घासलेली. शंकरचे तळहात मात्र भाजून भाजून सोलवटलेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दाजी शेडमध्ये हत्यारांची पूजा मांडत. कानशी, मोगरी, भिंग, आणि शेजारी गिऱ्हाइकांची रिव्हॉल्व्हरं, सगळ्यांवर झेंडूची फुलं. शंकर गेला त्या वर्षी तो पूजेच्या प्रसादाला हात पुढे करून म्हणाला, “दाजीनू, तुमच्या एका बोटाक मलमल. माज्या अख्ख्या हाताक चिंधी नाय. बोट तुमचा तुमच्या मालकीचा, हात माजो शेटच्या मालकीचो. असाच ना?” दाजींनी आपली मलमल काढली आणि त्याच्या तळहाताला गुंडाळली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढचं वाचताना हेही ध्यानात ठेवा. मला ते विसरता आलं असतं तर हे लिहिणं पत्रकाइतकं सोपं झालं असतं.

त्याच पूजेत, झेंडूखाली, शंकरच्या कारखान्याच्या मॅनेजरचं रिव्हॉल्व्हर होतं. हे सबनीस. शिकलेला, गोरागोमटा, इस्त्रीचा माणूस. भट्टीजवळ पाच मिनिटं उभा राहत नसे, पण रिव्हॉल्व्हर सतत कोटात. थोड्याच दिवसांपूर्वी ते मखमली डबी घेऊन शेडमध्ये आले होते. डबीत परदेशातून मागवलेला चाप होता. नेमबाजीच्या स्पर्धांसाठी बनवलेला, आरशासारखा.

“मेस्त्री, हा माझ्या रिव्हॉल्व्हरला बसवा. लोणी पाहिजे. अगदी लोणी.”

दाजींनी भिंगातून तो चाप पाहिला. अशा चापाबद्दल त्यांनी फक्त ऐकलं होतं. तरी म्हणाले, “साहेब, हो मैदानातल्या नेमाचो. खिशात घालून फिराच्या हत्याराक लावू नये.”

“जमत नसेल तर तसं सांगा. दुसरीकडे जातो.”

संपलं. ‘जमत नसेल’ हा शब्द दाजींपुढे काढला की त्यांचं शहाणपण तिथेच विझायचं. परक्या कंपनीचा चाप दुसऱ्या कंपनीच्या हत्यारात तसाच बसत नाही. तो त्या घरात नांदता करावा लागतो. दाजींनी तो केला. दसऱ्यानंतर सबनीस न्यायला आले तेव्हा नेहमीप्रमाणे मोगरी निघाली. शंकर समोरच्या पायरीवर बशीतला चहा पीत होता. ठक. ठक. ठक. घोडा हलला नाही. सबनीसांनी दाबलं, घोडा पडला. “झकास!” शंकर पायरीवरून ओरडला.

सबनीस खूश होते. दाजींनी संधी साधली. मी कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाले, “साहेब, तेवढा लायसनचा बघा ना. तुमची कलेक्टर कचेरीत ओळख. माज्या स्वतःच्या नावाचा.”

“बघू, मेस्त्री. बघू.”

ही एकच भूक होती त्या माणसाला. स्वतःच्या नावाचं लायसन, स्वतःच्या नावाची पाटी. जन्मभर साहेबाच्या नावाखाली, मग शेठच्या नावाखाली. पाटीचं लाकूडसुद्धा त्यांनी आणून ठेवलं होतं. सागवानी फळी. रंगवलेली, कोरी.

दिवाळीनंतर भट्टीवर आणखी एकाचा हात जळाला आणि आम्ही कारखान्याच्या गेटवर बसलो. मागणी पत्रकातलीच: हातमोजे. चौथ्या प्रहरी सबनीस गेटशी आले. सगळ्यांनी एकदम आरडाओरड केली, नाही असं मी म्हणत नाही. शंकर पुढे होता. त्याने गेटच्या गजांतून दोन्ही तळहात आत घातले आणि म्हणाला, “साहेब, बोलू नका काय. नुसते बघा.” सबनीसांनी कोटातून रिव्हॉल्व्हर काढलं आणि अंगठ्याने घोडा मागे ताणला. मी शंकरच्या खांद्याला खांदा लावून होतो. सबनीसांचं बोट चापावर गेलेलं मी पाहिलं. आवाज फार मोठा नव्हता. शंकर गजांना धरून हळूहळू खाली बसला, चहा पिताना पायरीवर बसे तसा.

तो तिथेच गेला.

सबनीस रिव्हॉल्व्हर घेऊन मोटारीने घरी गेले. पोलिसांनी ते दुसऱ्या दिवशी दुपारी ताब्यात घेतलं. आमच्यातल्या कुणाच्या हातून सुरा चालला असता, तर तो सुरा एक रात्र आमच्या घरी राहू दिला असता का? विचारा हा प्रश्न कुणालाही.

दुसऱ्या दिवशी शंकरची तिरडी उचलली तेव्हा दाजींनी खांदा दिला. उजव्या बोटाला पट्टी नव्हती आणि नखात काळं होतं. मला वाटलं, दुःखात भान नाही. मीच आधार दिला त्यांना.

खटला उभा राहिला. सबनीसांचं म्हणणं असं: जमाव अंगावर आला, मी घाबरून रिव्हॉल्व्हर फक्त रोखलं, हात गेटच्या गजावर आपटला आणि गोळी आपोआप सुटली. चाप बसवणाऱ्या मिस्त्रीने काम बिघडवलं होतं. हे वाचून आम्ही कमिटीत अक्षरशः टाळ्या वाजवल्या! दाजी मेस्त्रींचं काम बिघडलं म्हणता? आता बघाच. तीन ठोक्यांना अख्खी चाळ साक्षी होती. कोर्टात दाजी मोगरी उचलतील, ठोकतील, घोडा जागचा हलणार नाही, आणि सबनीस खुनी ठरेल. शंकरच्या बायकोला, सुमनवहिनीला, मी स्वतः सांगून आलो, “वहिनी, काळजी नको. दाजी मरतील, पण माझं काम कच्चं होतं असं म्हणणार नाहीत.” त्यांच्या गर्वावर आम्ही आमचा खटला उभा केला होता. चुना, वाळू काही नाही, नुसता गर्व.

तारखेच्या आधी काकी मला नळावर भेटल्या. घागर भरून वाहत होती तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“तू लिहितंस ना रे सगळा? मग ऐक. शंकर गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सबनीसाची मोटर इलेली. हे कानशीची पेटी घेऊन गेले. येऊन हात धुतल्यानी, धुतल्यानी, आणि जेवाक नाय बसले. त्या दिसापासून त्यांनी माज्या डोळ्यांत बघूक नाय.”

मी तसाच शेडमध्ये गेलो. दाजी काही घासत नव्हते. सागवानी फळी मांडीवर घेऊन बसले होते.

“सबनीसाच्या बंगल्यावर कशाला गेला होता?”

“कामाक.”

“कुठलं काम? चांगला बसवलेला चाप बिघडवायचं?”

त्यांनी भिंग काढलं. त्यांचा तो डोळा मी क्वचितच उघडा पाहिला होता; लहान, थकलेला. “शंकर परत येतलो काय?” ते म्हणाले.

“दाजी!”

“ओरडू नको. माजो बाप गावात दुसऱ्याचो भातो फुंकत मेलो. मी सायबाचो, मग शेटचो. सबनीस साहेबांनी कचेरीत शब्द टाकलोहा. कागद तयार आसा. ह्या फळीर माजा नाव लागतला.”

“आणि कोर्टात उभं राहून सांगणार, की माझा चाप आपोआप सुटला?”

“कोर्टाचा कोर्टात, कचेरीचा कचेरीत. दोघांची दारा वेगळी. तुका काय कळतला त्यातला?”

“तो चाप तुम्ही शंकरने दिलेल्या काचेवर घासला होता, दाजी.”

ते उभे राहिले. मला वाटलं मोगरी मारतात. पण फळी उराशी धरून नुसते म्हणाले, “भायर हो.”

मी सरकारी वकिलांकडे धावलो. त्यांनी चष्मा पुसला. मोटार आली हे चाळीने पाहिलं, ठीक. बंगल्यात काय झालं ते कुणी पाहिलं? कुणीच नाही. मग तारखेला या.

कोर्टात दाजी वेस्टकोट घालून आले होते. मोगरी घरचीच. पोलिसांनी रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याचं दाखवलं. सुमनवहिनी बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. दाजींनी घोडा मागे ताणला. रिव्हॉल्व्हर डाव्या हातात धरून त्यांनी मोगरी उचलली, आणि क्षणभर तशीच धरली. मला अजून वाटतं, त्या क्षणी त्यांना आपल्या हातचं काम दिसलं असावं. त्यांनी मारलं ते इतकं हळू, की झोपलेल्या मुलाला थोपटावं.

ठक.

घोडा पडला.

एकाच ठोक्याला. दुसऱ्याची गरजच उरली नाही.

“म्हणजे दोष कुणाचा?” सबनीसांच्या वकिलाने विचारलं.

“माझा,” दाजी शुद्ध मराठीत म्हणाले. “काम कच्चं राहिलं.”

मी अनेकांना खोटं बोलताना ऐकलं आहे. मालकांना, पुढाऱ्यांना, आमच्याच काही जणांना. पण स्वतःच्या तोंडाने स्वतःला पुसून टाकणारं खोटं मी तेवढं एकच ऐकलं. आम्ही पाहिलेलं, मी पाहिलेलं, ते कोर्टाच्या लेखी जमावाचं म्हणणं ठरलं. गोळी आपोआप सुटली, अपघात झाला. सबनीस त्याच मोटारीतून घरी गेले.

बाहेर वऱ्हांड्यात वहिनी दाजींच्या समोर उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. “दाजीनू,” त्या म्हणाल्या, “तुमच्या हातचो घोडो कधी पडलो होतो?”

दाजी आपल्या बोटाकडे बघत राहिले.

आणि आता ऐका त्या दोन दारांची गोष्ट. लायसनचा अर्ज कचेरीत गेला. अधिकाऱ्याने कोर्टाचा निकाल समोर ठेवला. ज्याच्या हातचं हत्यार धक्क्याने सुटतं, असं त्याने स्वतः शपथेवर सांगितलं आहे, त्याला हत्यारं दुरुस्त करण्याचं लायसन? अर्ज नामंजूर. दारं दोन होती, खोली एकच होती. एवढं आमच्या भट्टीवरच्या अडाण्याला कळलं असतं. चापातला केसाएवढा फरक ओळखणाऱ्या दाजींना कळलं नाही. ते सबनीसांकडे गेले. सबनीस म्हणाले, “मी काय करणार, मेस्त्री? तुम्हीच कबूल केलंत ना!” फोर्टातल्या शेठने तर निकालाच्याच आठवड्यात आपली पाटी उतरवून नेली. असला कारागीर दुकानाला परवडत नाही म्हणाला.

चाळीने दाजींना वाळीत टाकलं. ते त्यांनी कमावलं होतं. पण नळावर काकींची घागरसुद्धा कुणी रांगेत ठेवू देईना. खरी गोष्ट ज्या एका बाईने सांगितली, तिलाच आम्ही पाण्याला तोडलं. हा आमचा पराक्रम, आणि याच्यावर पत्रक काढायची हिंमत कमिटीत कुणाची झाली नाही. एका सकाळी त्यांची खोली रिकामी होती. शेडमध्ये सागवानी फळी भिंतीला टेकवून ठेवलेली, रंगवलेली, कोरी. पुढे कुणीतरी तिचा पाट केला.

त्यानंतर दाजी मला एकदाच दिसले. महाशिवरात्रीला जोगेश्वरीच्या लेण्यांशी जत्रा भरते. सुमनवहिनीसाठी जमेल तेवढी मदत गोळा करावी म्हणून मी डबा घेऊन तिथे उभा होतो. पलीकडे फुगे फोडायच्या बंदुकांचा ठेला होता. फळीवर रंगीबेरंगी फुगे, आणि बक्षीस म्हणून आरसे, कंगवे, एक पितळी समई. एक पोरगेला गडी बंदुकीशी झटत होता. “काय यार, चाप आहे का खुंटा? बोट तुटायची वेळ आली!”

“ताकद पाहिजे भाई, ताकद!” ठेल्याचा मालक हसला. छर्रा भलतीकडे गेला. समई जागच्या जागी.

मी जवळ गेलो. चाप मुद्दाम जड केलेले होते. नुसते गंजलेले, बिघडलेले नव्हे. नेमके इतके जड, की नेम शेवटच्या क्षणी हलावा. असं बिघडवायला चाप कळणारा माणूस लागतो. मुंबईत तशी दोनच माणसं. एक विलायतेला गेला.

दाजी ठेल्याच्या मागे पेटीवर बसले होते. वेस्टकोट तोच, मिशी पांढरी. उजव्या बोटाला पट्टी नव्हती. टोकाला जाड घट्टा पडला होता. एकेक बंदूक ते हातात घेत, ताणत, आणि छर्रा भरण्याआधी तळहाताने दस्त्यावर मारत. एकदा, दोनदा, तीनदा. चापाकडे बघत. मग पुढे देत. कुणी त्यांना ते सांगितलं नव्हतं. कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं.

त्यांनी मला ओळखलं. हातातली बंदूक पुढे केली. “मारतंस?”

“चाप जड केलेत तुम्ही.”

“मालकाक तसे होये.”

“आणि हे ठोके? हे कुणाला होये?”

त्यांनी बंदूक परत मांडीवर घेतली. कडेला चार-पाच पोरं समईकडे डोळे लावून धक्काबुक्की करत उभी होती. “पोराटोरांच्या हातात जाता,” दाजी म्हणाले. “बोटाशिवाय पडता नये.”

मला ओरडायचं होतं. गेटवर ओरडतो तसं, सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं. शंकरचं नाव घेऊन. पण त्यांनी मान खाली घातली होती आणि माझ्या हातातल्या डब्यावर चिकटवलेलं वहिनीचं नाव वाचत होते, भिंगाशिवाय, डोळे बारीक करून. त्यांनी खिशाकडे हात नेला. मी डबा मागे घेतला.

मी त्यांना माफ केलेलं नाही. करणारही नाही, तो हक्क माझा नाही. पाठ फिरवून चालायला लागलो तेव्हा मागून तळहाताचा आवाज आला, गर्दीतही स्वच्छ. एक. दोन. तीन.

घोडा पडला नाही.